लोखंड आणि लांकडी कोळसा

लोखंड खाणींतून निघतें असें आपण म्हणतों. वस्तुतः निघतो तो दगड. त्यांत लोहाशीं प्राणवायु जखडलेला असतो. त्यास ओढून घेऊन लोह मोकळें करण्याचें काम कोळशांतील कर्ब करतो. हजारों वर्षें हा कोळसा लांकडाचाच असे. १७०९ सालीं इंग्लंडांत कोलब्रुकडेल येथें अब्राहम डार्बी यानें दगडी कोळशाचा कोक भट्टींत घातला, आणि पुढें त्याचेंच राज्य झालें.

तरीही लांकडी कोळसा अगदींच हद्दपार झाला नाहीं. म्हैसूर संस्थानांत लोहदगड व अरण्य विपुल होतें, कोक मात्र दूरचा. म्हणून १९२३ सालीं भद्रावतीस लांकडी कोळशाची झोतभट्टी पेटली. तिची धुरा सर विश्वेश्वरय्या यांनीं वाहिली. या कोळशांत गंधक जवळजवळ नसतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो ठिसूळ. फार उंच भट्टींतील भार त्यास सोसत नाहीं.

आज हवेंतील कर्बवायूच्या चिंतेनें जग पुन्हा त्याजकडे वळत आहे. ब्राझीलमध्यें निलगिरीच्या लागवडीवर अशा भट्ट्या चालतात; परंतु तेथेंही पूर्वीं नैसर्गिक अरण्येंच कापलीं गेलीं. जळलेला कर्ब वाढतें झाड हवेंतून परत घेतें खरें. मात्र तोडलेल्या झाडाच्या जागीं दुसरें वाढलें, तरच हा हिशेब जुळतो. तोड वाढीपेक्षां अधिक झाली, तर तें लोखंड अरण्य विकूनच घेतलें, असें म्हणावें लागेल.