पोलीस स्मारक साधन म्हणून कसं वाचायचं?

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला दप्तरखाना आठवतो. पण दगड हाही दस्तऐवजच आहे, फक्त तो वाचायची रीत वेगळी. आज उदाहरण घेऊ कर्तव्यावर असताना गेलेल्या पोलिसांच्या स्मारकाचं.

सुरुवात आपल्या भागातून करू. मराठवाड्यातल्या जुन्या गावांत मारुतीच्या पाराजवळ, वेशीपाशी वीरगळ दिसतात. कितीकांना शेंदूर फासलेला असतो. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे हे दोघं आहेत तोवर त्याची कीर्ती. प्रसंग सगळा कोरलाय, पण बहुतेक दगडांवर नाव नाही. तो कोण, हे गावाला तेव्हा ठाऊकच असणार. ठाऊक असणारे गेले आणि दगड मुका झाला.

आता दिल्लीला चला. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस जवान शहीद झाले. म्हणून २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. २०१८ मध्ये याच दिवशी चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं. त्याआधी तिथं उभारायला घेतलेली पोलादी रचना न्यायालयाच्या आदेशानंतर २००८ मध्ये उतरवावी लागली होती. आजचं शिल्प अद्वैत गडनायक यांचं: काळ्या ग्रॅनाइटचा ३० फुटी, २३८ टनांचा एकसंध स्तंभ. त्यावर ना चेहरा, ना हत्यार. शेजारच्या भिंतीवर मात्र उद्घाटनावेळी ३४,८४४ नावं होती. वीरगळाच्या नेमकं उलट! इथं नाव आहे, प्रसंग नाही.

तिसरा प्रकार मुंबईत, गिरगाव चौपाटीला. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचा पुतळा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली. ते गेले, पण कसाब जिवंत सापडला. इथं नाव, चेहरा, प्रसंग आणि जागा, चारही गोष्टी एकत्र येतात. पण असा पुतळा हजारोंतल्या एखाद्यालाच मिळतो. विज्ञानवाल्यांसाठी सांगतो: महाराष्ट्रात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं गेलं, ते यांच्याच सन्मानार्थ.

आता खरा संशोधनाचा प्रश्न. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग स्फोट घडवला. त्यात १५ पोलीस गेले आणि त्यांची खासगी गाडी चालवणारा चालकही गेला. गाडी एक, स्फोट एक, मरण एक. पण ‘कर्तव्यावर मृत्यू पावलेले पोलीस’ अशी यादी करायला बसलात तर त्या चालकाचं नाव कुठं लिहाल? प्रयोगशाळेत आपण नमुना निवडायचे निकष आधी लिहून ठेवतो. स्मारकालाही निकष असतात, फक्त ते दगडावर कोरलेले नसतात. ते शोधणं हे आपलं काम.

म्हणून कुठल्याही स्मारकासमोर वहीत चार प्रश्न लिहा. कोणाची नोंद आहे? कशी आहे: नाव, चेहरा की प्रसंग? ती कोणी केली आणि कधी? आणि त्याच घटनेतलं कोण बाहेर राहिलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दगडावर मिळणार नाही. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं, ठाण्यातल्या नोंदी आणि घरची माणसं यांच्याकडेच जावं लागेल.

येत्या २१ ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातल्या मानवंदनेला जाता आलं तर जा. वर्षभरात गेलेल्यांची नावं तिथं वाचली जातात. शांतपणे ऐका. यादीतलं एक नाव निवडा आणि त्यामागचा प्रसंग शोधायला लागा. वीरगळाच्या वेळी हे कोणी केलं नाही, म्हणून आज आपल्याला त्या वीराचं नाव सांगता येत नाही.