उत्प्रेरकी परिवर्तक
मोटारीच्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारे उपकरण. फ्रेंच-अमेरिकन अभियंते यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात ते विकसित केले. परंतु पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरकावर साचून तो निकामी होई, त्यामुळे प्रसार रखडला. अमेरिकेत १९७५ पासून ते सर्रास वापरात आले. पोलादी कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा मृत्तिकेचा ठोकळा, त्यावर ॲल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण असतात (पहा : उत्प्रेरण). पहिल्या दोहोंमुळे कार्बन मोनॉक्साइड व न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीकरण होते, तर ऱ्होडियममुळे नायट्रोजन ऑक्साइडांचे क्षपण. ठोकळा सुमारे २५०–३००° से. तापेपर्यंत ही क्रिया जेमतेमच चालते. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले व त्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले (पहा : वायुप्रदूषण).