सर्वसंतांची पूर्वरात्र व चर्चमधील बालोत्सव

ऑक्टोबर महिना संपत आला कीं इंग्लंड व अमेरिका येथील ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाद दरवर्षीं नव्यानें उपस्थित होतो. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं तिकडील मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. या रात्रीस हॅलोवीन म्हणतात. चर्चनें आपल्या आवारांत मुलांसाठीं त्याच धर्तीचा समारंभ करावा कीं करूं नये, हा तो वाद. एक पक्ष म्हणतो, हा मूळचा केल्टिक लोकांचा ‘साविन’ नांवाचा मृतांचा सण. चर्चनें त्यास हात लावणें म्हणजे बाटणें. दुसरा म्हणतो, मूळ तेंच खरें, पण चर्चनें तो सण पूर्वींच शुद्ध करून आपलासा केला आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे. तेव्हां त्यांच्या धर्मशास्त्राचा निर्णय देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु दोन्ही पक्ष एकाच ऐतिहासिक विधानावर उभे आहेत, आणि तें विधान साधनांच्या कसोटीस कितपत उतरतें हें पाहणें या त्रैमासिकाच्या कक्षेंत खास येतें.

प्रथम नांव पाहूं. ‘हॅलो’ हा जुना संतवाचक इंग्रजी शब्द, आणि ‘ईन’ हें सायंकाळ या अर्थाच्या शब्दाचें स्कॉटिश रूप. सर्व संतांचा उत्सव १ नोव्हेंबरला, त्याची पूर्वरात्र ती हॅलोवीन. म्हणजे नांव ख्रिस्ती पंचांगांतलें आहे. वाद आहे तो तिथीचा. पोप चौथा बॉनिफेस यानें रोम येथील पॅन्थिऑन हें प्राचीन देवालय मेरी व सर्व हुतात्मे यांस अर्पण केलें, तें इ. स. ६०९ च्या सुमारास, १३ मे रोजीं. १ नोव्हेंबर ही तिथि आठव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंड व जर्मन प्रदेश यांकडे दिसूं लागते. यॉर्कचा विद्वान आल्क्विन यानें इ. स. ८०० च्या सुमारास साल्झबुर्गच्या आर्चबिशपास तिची शिफारस केली, व ८३५ मध्यें फ्रँक बादशहा लुई यानें ती आपल्या साम्राज्यांत लागू केली. आयर्लंडांत मात्र त्याच काळच्या ‘फेलिरे ओंगुसो’ या पद्यबद्ध संतपंचांगांत हा उत्सव २० एप्रिलला येतो. केल्टिक सणावर मात करण्यासाठींच १ नोव्हेंबर निवडला असता, तर ती निवड आयर्लंडांत सर्वांआधीं दिसावयास हवी होती. रॉनल्ड हटन यांनीं १९९६ च्या आपल्या ग्रंथांत हें स्पष्ट दाखविलें आहे. तरी चर्चच्या व्यासपीठांवरून जुनीच कथा सांगितली जाते.

आतां ‘साविन’विषयींचीं अस्सल साधनें. ज्या कथांत हा सण येतो त्या आयरिश भाषेंत ख्रिस्ती मठवासीयांनीं लिहून ठेविल्या. त्यांची सर्वांत जुनी उपलब्ध मोठी पोथी ‘लेबोर ना हूइद्रे’ ही इ. स. ११०० च्या सुमाराची असून डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमींत आहे. तिच्या लेखकांपैकीं एक, माएल मुइरे, हा ११०६ मध्यें मठावरील हल्ल्यांत मारला गेला. या पोथींतील कूखुलिनच्या दुखण्याच्या कथेंत अल्स्टरच्या वीरांचा साविनचा मेळावा वर्णिला आहे. त्यांत खेळ आहेत, भोजनें आहेत, बढाया आहेत; अमानुष लोकांशीं गांठ पडण्याचाही तो काळ आहे. परंतु पितरांस आवाहन वा अन्नदान त्यांत नाहीं. फ्रान्सांत कोलिन्यी येथें १८९७ सालीं सांपडलेल्या कांस्य-पंचांगावर ‘सामोन’च्या तीन रात्रींचा उल्लेख आहे; पण हा महिना उन्हाळ्यांतला कीं हिवाळ्यांतला यावरच तज्ज्ञांचें एकमत नाहीं. मग ‘मृतांचा सण’ हें आलें कोठून? जॉन ऱ्हीस यांनीं १८८६ च्या व्याख्यानांत साविन हें केल्टिक नववर्ष ठरविलें, तें मुख्यतः पुढील काळच्या लोकाचारांवरून. फ्रेझर यांनीं त्यावर मृतांच्या सणाची इमारत चढविली. प्रचलित आचारावरून लुप्त मूळ अनुमानणें आपल्या मीमांसकांस अपरिचित नाहीं. होलाकाधिकरणांत होळीसारख्या आचारांमागें श्रुति कल्पिली आहेच. फरक इतकाच कीं, मीमांसक तीस ‘अनुमित श्रुति’ म्हणतात. तिची पोथी आपल्या घरीं आहे असें सांगत नाहींत.

स्वीकाराच्या पक्षाचा दुसरा आधार म्हणजे पोप थोरल्या ग्रेगरीचें मेलिटस यास लिहिलेलें पत्र. तें बीडच्या ७३१ च्या इतिहासांत आहे. देवळें पाडूं नका, मूर्ति काढा, तीर्थ शिंपडा, बळीचे बैल मेजवानीसाठीं मारूं द्या, चर्चभोंवतीं फांद्यांचे मांडव घालूं द्या, असा त्याचा आशय. परंतु त्याच ग्रंथांत दोन प्रकरणें पुढें, २२ जून ६०१ चें केंटच्या राजास लिहिलेलें पत्र आहे. त्यांत देवळें उद्ध्वस्त करावीं असा उपदेश आहे. बीडच्या पाठांत मेलिटसच्या पत्राची तारीख १७ जून पडते. आधुनिक संपादक १८ जुलै ही खरी मानतात. म्हणजे महिना उलटण्याच्या आंत पोपनें धोरण फिरविलें. एका तारखेच्या पाठभेदानें अर्थ कसा उलटतो पहा: १७ जून धरल्यास ग्रेगरी मवाळाचा कडक झाला, १८ जुलै धरल्यास कडकाचा मवाळ. आणि कसेंही धरलें तरी या पत्रांत नोव्हेंबरच्या सणाचें नांव नाहीं.

हीं दोन्ही धोरणें आपल्या भूमीवर आजमावलीं गेलीं, म्हणून थोडें विषयांतर करतों. इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आला. त्याचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्याची नागरी पोथी लंडनच्या मार्सडेन संग्रहांत आहे. त्याच्या प्रारंभीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, जुनीं पुराणें तुम्ही वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? सबंध ग्रंथ त्या प्रश्नाचें उत्तर आहे. उलट इन्क्विझिशनच्या १७३६ च्या जाहीरनाम्यानें लग्नांतलीं गाणीं, विडे, फुलें, दारची तुळस, धोतर, चोळी, इतकेंच काय, हिंदूंप्रमाणें अळणी शिजविलेला भातही निषिद्ध केला. गोमंतकांतील ख्रिस्ती लग्नांत नारळाच्या दुधाचा ‘रोस’ आजही लावतात.

पुन्हा इंग्लंडाकडे. मुलांच्या मागण्याचा खरा माग साविनांत नसून २ नोव्हेंबरच्या सर्व-मृतांच्या दिवसांत लागतो. क्लूनीचा मठाधिपति ओडिलो यानें अकराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तो आपल्या मठांत सुरू केला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस श्रॉपशायरचा जॉन मर्क आपल्या प्रवचनसंग्रहांत सांगतो कीं या दिवशीं लोक मृतांसाठीं भाकरी वांटीत. जॉन ऑब्रे यानें १६८६-८७ मध्यें लिहिलेलें टिपण (तें छापलें गेलें १८८१ सालीं) त्याच श्रॉपशायरांत ‘आत्म्यांच्या रोट्यां’ची रास मेजावर मांडीत असें सांगतें. गरिबानें दारीं यावें, रोटी घ्यावी, घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करावी, असा हा व्यवहार होता. पितृपक्षांत जेवूं घालणाऱ्या आपल्या लोकांस तो समजावून सांगावा लागणार नाहीं.

प्रॉटेस्टंट सुधारणेनें पर्गेटरीची कल्पना रद्द केली आणि या देण्याचें कारणच गेलें. देणें-मागणें मात्र राहिलें. रॉबर्ट बर्न्सनें १७८६ मध्यें छापलेल्या आपल्या कवितेस जोडलेल्या टिपांत कट्टर प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडांतील हॅलोवीनचे खेळ नोंदविले आहेत. त्यांत भावी नवराबायकोचे शकुन भरपूर, मृतांची आठवण जवळजवळ नाहीं. हेंच कारण नसलेलें मागणें स्थलांतरितांबरोबर अमेरिकेस गेलें.

तेथें चर्चनीं त्याचें काय केलें? १९५० मध्यें फिलाडेल्फिया येथील प्रेस्बिटेरियन पाद्री क्लाइड अॅलिसन व त्यांची पत्नी मेरी एमा यांनीं मुलांच्या हातीं खाऊच्या पिशवीऐवजीं डबा दिला आणि युद्धोत्तर देशांतील मुलांकरितां युनिसेफसाठीं नाणीं मागण्यास सांगितलें. पहिल्या वर्षीं १७ डॉलर जमले. पुढें हा उपक्रम राष्ट्रव्यापी झाला. याच्या अगदीं दुसऱ्या टोंकास १९७२ सालीं जेरी फॉलवेल यांच्या संस्थेनें लिंचबर्ग येथें सुरू केलेलें भयगृह, व १९९० नंतरचीं ‘नरकगृहें’; तेथें भुतें वर्ज्य, पण पापाची शिक्षा म्हणून नरक दाखवून मुलांस घाबरवितात. भूत नको आणि नरक हवा, हा विवेक आम्हांस उमगला नाहीं. मधल्या मार्गाचा प्रकार म्हणजे चर्चच्या वाहनतळावर मोटारी उभ्या करून त्यांच्या डिकींतून खाऊ वांटणें. तो सुरक्षित आहे खरा. परंतु त्यांत शेजाऱ्याचें दार गेलें, आणि मृत तर पूर्वींच गेलेले. पॅरिसच्या धर्मप्रांतानें २००२ पासून ‘होलीविन्स’ चालविला आहे. त्यांत सर्वसंतदिनाचीच आठवण मुलांस करून देतात.

आमचें मत असें कीं, चर्चनें समारंभ अवश्य करावा, आणि साविनची भीति किंवा साविनवरील विजयाची फुशारकी दोन्ही सोडून द्यावी. त्या दोहोंस पोथीचा आधार नाहीं. तिथि त्यांची स्वतःची आहे, नांव स्वतःचें आहे, रोटीची रीतही श्रॉपशायरच्या त्यांच्याच लोकांनीं पाळलेली आहे. ज्या पंथांस मृतांसाठीं प्रार्थना मान्य नाहीं त्यांनीं ती करूं नये; गांवांतील गेलेल्यांचीं नांवें मुलांसमोर वाचण्यास तर कोणत्याच पंथाची हरकत दिसत नाहीं. आमच्या मतें अॅलिसन दांपत्याचा डबाच ऑब्रेच्या टिपणांतील रोटीस सर्वांत जवळचा आहे. कारण तो हातीं घेतलेलें मूल दुसऱ्यासाठीं मागतें.