बंद खाणींचे डंप आणि ओहोळांचे पाणी

गोव्यात डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांत हिरव्या डोंगरांच्या मध्येच लालसर, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसतात. ते खाणींचे डंप. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती, जांभा आणि हलका माल बाजूला टाकावा लागतो. 2010-11 च्या सुमारास वर्षाकाठी 5 कोटी टनांच्या आसपास खनिज गोव्यातून बाहेर जात होते, त्यावरून या ढिगांचा अंदाज यावा.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे काही सुरू झाल्या, पण 7 फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 लीज रद्द झाली आणि 16 मार्चपासून उत्खनन थांबले. नंतर लिलाव होऊन काही खाणी पुन्हा चालू झाल्या. डंप मात्र या सगळ्या काळात जिथल्या तिथेच होते, आणि कोर्टाचा आदेश आला म्हणून पाऊस काही थांबत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाला 3000 मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. डंपची माती सैल, तिला मुळांचा आधार नाही. पाणी उतारावर घळी पाडते आणि बारीक लाल गाळ ओहोळात, तिथून खांडेपार, वाळवंटी, डिचोली या नद्यांत आणि शेवटी मांडवीत जातो. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई ती हीच. खांडेपारवरच्या ओपा प्रकल्पातून पणजी, फोंड्याला पाणी जाते. तिथे गाळ काढायची यंत्रणा तरी आहे. ओहोळाकाठच्या वाडीला विहीर किंवा झर, एवढाच आधार. भातशेतीत हा गाळ बसला की वर पापुद्रा धरतो आणि जमीन श्वास घेईनाशी होते. परदेशातल्या तांब्याच्या खाणींतून आम्लयुक्त पाणी वाहते. इथे मुख्य त्रास गाळ, लोह आणि मँगनीजचा आहे.

उपाय माहीत नाहीत असे नाही. आधी पाण्याची वाट बदलायची: डंपच्या माथ्यावर पडणारे पाणी उतारावरून कोसळू न देता चरांतून कडेला न्यायचे. उतार एकसलग न ठेवता टप्पे करायचे, त्यावर काथ्याच्या जाळ्या अंथरायच्या. पायथ्याला चिऱ्याची भिंत, तिच्याखाली गाळ बसायला तळी. ही तळी एप्रिल-मे मध्ये उपसली नाहीत तर पहिल्या मोठ्या पावसात भरून वाहतात, मग असून नसून सारखीच. बहुतेक कामे इथेच फसतात, कारण भिंत बांधायला निविदा निघते, तळे उपसायला नाही.

झाडांबाबतही तसेच. ऑस्ट्रेलियन बाभूळ नापीक मातीत भरभर वाढते, म्हणून ती सर्रास लावली गेली. लांबून डंप हिरवा दिसतो, पण खाली गवत नसेल तर माती सुटतच राहते. आधी गवत आणि वेली, मग काजू आणि स्थानिक झाडे, हा क्रम जास्त टिकाऊ.

आता नवा पेच आहे. या डंपांतल्या कमी प्रतीच्या मालालाही गिऱ्हाईक आहे. इतक्या वर्षांत थोडाफार स्थिरावलेला उतार माल काढण्यासाठी पुन्हा उकरला, तर गाळ नव्याने सुटणार. डंप हलवायचाच असेल तर काम पावसाळ्याबाहेर व्हावे, आणि पायथ्याची भिंत व तळी आधी व्हावीत, ट्रक नंतर. पैशाची सबबही फार चालणारी नाही. जिल्हा खनिज निधीच्या अग्रक्रमाच्या कामांत पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण दोन्ही आहेत.

दुर्लक्षाचे परिणाम गोव्यापुरते नाहीत. शेजारच्या दोडामार्गात कळणे येथे जुलै 2021 मध्ये खाणीत साठलेले पाणी फुटून चिखलासह वस्तीत आणि बागायतीत घुसले होते.

गावाला स्वतः करता येण्याजोगी एक तपासणी आहे. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात ओहोळाचे पाणी डंपच्या वरच्या आणि खालच्या बाजूने दोन सारख्या बाटल्यांत भरून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी दोन्हींच्या तळाशी बसलेल्या गाळाचा थर मोजून, तारखेसह फोटो काढून ग्रामसभेत मांडावा. दरवर्षी त्याच जागी हे केले, तर पुढच्या वेळी खाते कागदपत्रे मागेल तेव्हा गावाच्या हाती काहीतरी असेल.