वरात, पास आणि व्हाउचर : निष्ठेच्या कागदाची शिरूर-दौंडकडची कहाणी

१/ साखळी हॉटेलात वारंवार उतरणाऱ्या पाहुण्याच्या खात्यात आज पॉइंट जमा होतात आणि वर्षभरात ठरावीक रात्री भरल्या की त्याला ‘एक रात्र मोफत’ असे व्हाउचर मिळते. ही पद्धत अमेरिकेत १९८३ साली सुरू झाली. मात्र सेवेबद्दल किंवा निष्ठेबद्दल नाण्यांऐवजी कागद द्यायचा आणि तो दुसऱ्याच ठिकाणी वटवायला लावायचा, हा व्यवहार भीमा आणि घोड नदीच्या काठाला तीनशे वर्षांपूर्वीही परिचित होता. त्या कागदाची ही कहाणी. (धागा)

२/ व्हाउचर नीट वाचले तर त्यात पाच गोष्टी सापडतात : कोणाला दिले, कोठे चालेल, किती मोलाचे आहे, केव्हापर्यंत चालेल आणि कोणत्या दिवशी चालणार नाही. या पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मराठी राज्याच्या दफ्तरातील एका कागदाला त्यांतील बहुतेक जशाच्या तशा लागू पडतात. त्या कागदाचे नाव ‘वरात’.

३/ लग्नाची वरात निराळी. ही वरात अरबी ‘बरात’ या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आली. अमुक महालाच्या वसुलातून अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी, असा सरकारचा लेखी हुकूम म्हणजे वरात. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. शिपायाने लढाईत चाकरी करायची आणि पगाराचा कागद घेऊन वसुलाच्या ठिकाणी जायचे, अशी ही रीत होती.

४/ शिवकाळाविषयी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर महत्त्वाची साक्ष देते. राजारामांच्या कारकिर्दीत जिंजीस लिहिलेल्या या बखरीनुसार लष्कराचा पगार हुजुरातून किंवा महालांवरील वरातांनी चुकता होई. पगारापोटी गाव मोकासा म्हणून तोडून देण्याची रीत शिवाजी महाराजांनी ठेवली नाही. मुलूख हाती आलेला सरदार शिरजोर होतो आणि रयत त्याच्या तडाख्यात सापडते, हे त्यामागचे कारण होते. वरातीने शिपायाला पैसा मिळे, मुलूख मिळत नसे.

५/ म्हणजे मुळात वरात हे सुधारणेचे साधन होते. तिचे सामर्थ्य मात्र एकाच अटीवर उभे होते. ज्या महालावर ती काढली, तेथील वसूल शिल्लक असला पाहिजे आणि तेथील कारकुनाला हुजूरचा धाक असला पाहिजे. दोहोंपैकी एक ढिले झाले की कागदावरचा आकडा तोच राही, पण त्याची किंमत उतरे.

६/ एक कल्पित उदाहरण घेऊ. पुणे प्रांतातील पाटस तर्फ आज दौंड तालुक्यात मोडते. समजा, एका शिलेदाराला या तर्फेवर वरात मिळाली. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा स्वार. इकडचे पीक मुख्यतः रब्बीची ज्वारी. ती माघ-फाल्गुनात खळ्यावर येणार आणि त्यानंतर वसूल होणार. शिलेदाराचे भीमथडीचे तट्टू मात्र रोज दाणावैरण मागते. कागद हंगामाची वाट पाहू शकतो, घोडा पाहू शकत नाही.

७/ अशा वेळी दोन वाटा उरत. पहिली वाट सावकाराची. वरात त्याच्याकडे ठेवून कमी रक्कम रोख घ्यायची आणि पुढचा वसूल त्याने करायचा. दुसरी वाट तगाद्याची. गावात जाऊन मुक्काम ठोकायचा आणि रक्कम पदरात पडेपर्यंत उठायचे नाही. पहिल्या वाटेत शिपाई बुडे, दुसरीत गाव. सरकारी माणसांच्या शिधापाण्याचा भार गावखर्चात पडे आणि तो अखेर पट्टीच्या रूपाने कुणब्याच्याच माथी येई.

८/ अठराव्या शतकात मोहिमा उत्तरेपर्यंत गेल्या, फौजा वाढल्या, खर्च फुगला. सरदारांना पुन्हा सरंजाम मिळू लागले. सरकारला हाती रोख हवी म्हणून कमाविसदाराकडून वसुलापूर्वीच आगाऊ रक्कम घेतली जाई. तिला ‘रसद’ म्हणत. कमाविसदार ती रसद सावकाराकडून कर्जाने उभी करी. पीक शेतात असतानाच त्याच्या पैशाला दोन-तीन धनी झालेले असत.

९/ एकाच महालाच्या वसुलावर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त कागद निघाले, तर काय होणार? आधी पोहोचलेल्याचे साधे, मागून आलेला रिकाम्या हाताने परते. थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्याच दारात ‘धरणे’ धरणे हा त्या काळातील परिचित प्रकार होता. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा धरण्यांचे वर्णन केले आहे.

१०/ मग १८०२ उजाडले. २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतरच्या धामधुमीत मुलूख उजाड झाला आणि १८०३-०४ साली पुणे-नगर भागात भीषण दुष्काळ पडला. माणसेच उरली नाहीत तेथे वसूल कोठला? वसूल नाही तेथे वरात हा नुसता कागद.

११/ याच सुमारास शिरूरच्या इतिहासाला वळण मिळाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. इंग्रजांची किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पदरी बाळगायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, असे त्यात ठरले. पुढे या फौजेचे ठाणे घोडनदीच्या काठी, शिरूरला पडले.

१२/ हा तह वरातीच्या नजरेतून पाहिला तर त्याचा डाव उलगडतो. २६ लाखांचा मुलूख म्हणजे एक कायमची वरातच होती. फरक एवढाच की ती वटवायला कंपनीला कोणा कमाविसदाराच्या दारात बसावे लागणार नव्हते. मुलूख तिचा, वसूल तिचा, फौजही तिची. पगारापोटी मुलूख देऊ नये, हा शिवकालीन दंडक पेशव्यांनी अखेर परक्या सत्तेच्या बाबतीत मोडला.

१३/ शिरूरच्या छावणीतील शिपायाला पगार रोख आणि तुलनेने नियमित मिळे. बाजीरावाच्या राज्यात मात्र मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या जात होत्या, आणि मक्तेदार मुदत संपण्याआधी मिळेल तेवढे ओरपत होता. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या मक्तेपद्धतीचे दुष्परिणाम नोंदवले आहेत.

१४/ ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉंटनची तुकडी याच शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. त्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. छावणीच्या पगारपत्रकाकडे तितके लक्ष जात नाही. वेळेवर मिळणारा पगार हीदेखील एक शक्ती असते, आणि राज्ये टिकण्या-बुडण्यात तिचा वाटा असतो.

१५/ आता शिरूरहून दौंडकडे. १८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याला पोहोचली आणि पुढे भीमाकाठाने सोलापूरकडे सरकली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि इंग्रजी कागदांत ‘धोंड’ म्हणून लिहिले जाणारे हे गाव जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, सांधेवाले यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर निष्ठेचा एक नवा कागद घराघरांत आला : रेल्वेचा पास.

१६/ हा पास म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारे प्रवासाचे व्हाउचरच. १९८६ च्या पास नियमांनुसार अराजपत्रित कर्मचाऱ्याला पहिल्या पाच वर्षांत वर्षाला एक संच आणि त्यानंतर तीन संच मिळतात. राजपत्रित अधिकाऱ्याला सहा. याखेरीज एक-तृतीयांश भाड्यात प्रवास करू देणारे ‘पीटीओ’ असतात. निवृत्तीनंतरचे पासही किती वर्षे सेवा झाली, त्यावर ठरतात.

१७/ दौंडच्या रेल्वे कुटुंबांत पास हा घरातल्या सुटीचा पाया. पास कोठवर काढायचा, कोणाची नावे घालायची आणि कोणता संच लग्नकार्यासाठी राखून ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. कारण त्या वर्षाचा कोटा संपला की संपला. २०२० पासून हे काम ऑनलाइन झाले. कागद गेला, नियम राहिले.

१८/ वरात अडकली आणि पास चालला, असे का? पास देणारी रेल्वे आणि तो स्वीकारणारीही रेल्वेच. कोणा तिसऱ्याच्या पिकावर तो काढलेला नाही. शिवाय नियम छापील आहेत. जागा नसेल तर पासधारकालाही प्रतीक्षा यादीत थांबावे लागते, पण त्याचा हक्क किती आहे हे त्याला वर्षाच्या आरंभी ठाऊक असते.

१९/ आता हॉटेलांचे व्हाउचर. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरील सरकारी बंधने उठली, स्पर्धा वाढली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’ योजना आणली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तोच मार्ग धरला. हिशेब साधा होता. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. मग ती निष्ठावंत पाहुण्याला फुकट दिली तर खर्च थोडा आणि मोबदल्यात तो वर्षभर आपल्याच दारात येतो.

२०/ कमाई कशी होते, तेही पाहण्याजोगे आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी येणारा अभियंता पुण्यातील साखळी हॉटेलात दहा रात्री राहिला, तर बिल भरते त्याची कंपनी आणि पॉइंट सहसा जमा होतात त्याच्या नावावर. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या जिवावर वरात मिळवी. इथे दुसऱ्याच्या खर्चावर निष्ठा जमा होते. म्हणूनच ती हॉटेलांना इतकी स्वस्त पडते.

२१/ वटवणूक मात्र थेट वरातीच्या वळणावर जाते. साखळीच्या नावाने चालणारी अनेक हॉटेले प्रत्यक्षात वेगवेगळ्या मालकांची असतात. व्हाउचर देते साखळी, खोली देतो मालक, आणि साखळी त्याला ठरलेल्या दराने भरपाई करते. हॉटेल रिकामे असेल तेव्हा ही भरपाई सहसा अगदी कमी असते. हा मालक म्हणजे जणू आजचा कमाविसदार. गर्दीच्या दिवशी त्याला रोख देणारे गिऱ्हाईक हवे असते. ‘ब्लॅकआउट’ तारखांचा जन्म त्यातूनच झाला. १९९९ मध्ये स्टारवुडने अशा तारखा काढून टाकल्या, तेव्हा ती मोठी बातमी ठरली.

२२/ पॉइंट हे कंपनीच्या दृष्टीने देणे असते. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार खोलीच्या भाड्यातील पॉइंटांपुरता भाग लगेच उत्पन्नात धरता येत नाही. जे पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, त्यांचा अंदाजही हिशेबात धरला जातो. मुदतीचा शिक्का त्या अंदाजाला हातभार लावतो. न वटलेली वरात सरकारच्या पथ्यावर पडे. न वापरलेले व्हाउचर कंपनीच्या.

२३/ किंमत उतरण्याचा प्रकारही जुनाच. २०२२ च्या मार्चमध्ये मॅरियटने मोफत रात्रीसाठी किती पॉइंट लागतील याचा ठरलेला तक्ता बंद केला आणि दर मागणीप्रमाणे हलू लागले. ‘३५,००० पॉइंटांपर्यंतची खोली’ असे व्हाउचर हाती असलेल्याच्या कागदावरचा आकडा तोच राहिला. त्या आकड्यात बसणारी हॉटेले आणि तारखा मात्र बदलू लागल्या. रयतेच्या जागी इथे पाहुणा आहे आणि त्याचे नुकसान एका सुटीपुरते आहे, हा फरक अर्थात फार मोठा आहे.

२४/ काही कागद याहून अधिक मोकळे असतात. पेशवाईतील हुंडी एका पेढीने लिहिलेली दूरच्या शहरातील पेढीवर वटे, हुंडणावळ तेवढी द्यावी लागे. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या टाटा न्यू योजनेत ताज हॉटेलात मिळालेले ‘न्यूकॉइन’ किराणा किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खरेदीतही चालतात आणि एका नाण्याची किंमत एक रुपया धरली आहे. वटण्याची ठिकाणे जितकी जास्त, तितका कागद रोखीच्या जवळ जातो.

२५/ वरात, पास, व्हाउचर : या तिन्ही कागदांना इतिहासाने एकच परीक्षा लावली. देणारा कोण, वटवणारा कोण आणि या दोहोंमधील तूट कोणाच्या पदरी पडते? पाटसच्या कुणब्याला ही तूट धान्याने भरावी लागली, शिलेदाराला घोड्याच्या दाण्याने. दौंडच्या गार्डाला ती फारशी भरावी लागली नाही, कारण त्याचा कागद ज्याने दिला त्यानेच स्वीकारला.

२६/ मराठ्यांच्या इतिहासात लढायांच्या तारखा सर्वांना पाठ असतात. शिपायाला पगार कसा मिळाला, केव्हा मिळाला आणि तो कोणाच्या शेतातून आला, हे प्रश्न पुण्याच्या दफ्तरखान्यातील मोडी रुमालांत उत्तराची वाट पाहत आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी एखाद्या दिवशी वराताही उघडून पाहाव्यात. व्हाउचर वाचता येणाऱ्याला त्या परक्या वाटणार नाहीत.

(धागा समाप्त)