होळकरांचा संघ : जमविलेला आणि जोपासलेला

पावसाळा लागला म्हणजे माळव्यातील मैदाने ओस पडतात. काळ्या मातीत पाय रुततो, खेळपट्टीवर गवत माजते आणि बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की क्रिकेटने आता चार महिन्यांची झोप घेतली. वस्तुतः संघांचे भवितव्य पुष्कळदा याच निजलेल्या महिन्यांत ठरत असते. कोणता खेळाडू कोणते गाव सोडून कोठे गेला, कोणास कोठे नोकरी मिळाली, कोणाच्या जागी कोण आला, या गोष्टी मैदानावर घडत नाहीत. परंतु मैदानावर पुढे जे घडते त्याचे बीज त्यांत असते. हे सत्य कसाला लावून पाहावयाचे तर इंदूरच्या होळकर संघाच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण मराठी माणसास दुसरे सापडणे कठीण.

रणजी करंडकाच्या स्पर्धेस १९३४-३५ साली आरंभ झाला. होळकरांचा संघ त्या नावाने तीत उतरला तो १९४१-४२ साली आणि शेवटचा खेळला तो १९५४-५५ साली. म्हणजे या संघाचे आयुष्य अवघे चौदा मोसमांचे. त्यांतील पहिल्या तीन मोसमांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. पुढील अकरा मोसमांत मात्र तो दहा वेळा अंतिम सामना खेळला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा करंडक घेऊन आला. एका मध्यम आकाराच्या संस्थानाच्या राजधानीने मुंबईसारख्या बलाढ्य शहराच्या बरोबरीने उभे राहावे, ही गोष्ट आपोआप घडलेली नव्हे.

तिचा पाया फार पूर्वी घातला गेला होता. १८९५ साली नागपूर येथे जन्मलेले कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सर्वांचे सी. के., १९२३ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरास आले आणि होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला. १९२६ साली मुंबईस एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १५३ धावा आणि त्यांतील अकरा षटकार यांची कथा घरोघर गेली. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सच्या मैदानावर झाला, तेव्हा कर्णधार तेच होते. अशा पुरुषाचे वास्तव्य शहरात असणे ही एक शाळाच होय. इंदुरातच १९१४ साली जन्मलेले मुश्ताक अली त्यांच्याच नजरेखाली तयार झाले आणि १९३६ साली मँचेस्टर येथे ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय ठरले. एक बाहेरून आणलेला, एक घरी वाढलेला, अशी ही जोडी. पुढील साऱ्या इतिहासाचा अर्थ या जोडीत साठविलेला आहे.

महाराज यशवंतराव होळकर यांच्या कारकीर्दीत ही पद्धत विस्तारली. खेळाडूस सैन्यात किंवा दरबारात जागा द्यावयाची, त्याच्या पोटाची चिंता मिटवावयाची आणि मोसमात त्याने संघासाठी खेळावयाचे, असा तो व्यवहार होता. त्या काळी क्रिकेटवर कोणाचे घर चालत नसे. त्यामुळे पगाराची कायम नोकरी हेच खेळाडूस मोठे आकर्षण होते. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू बडोद्याकडून खेळून होळकरांकडे आले. सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे मध्य प्रांत, महाराष्ट्र आणि मुंबई या संघांतून खेळून इंदुरास स्थिरावले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, नागपूरचे हिरालाल गायकवाड, मुंबईकडून खेळलेले खंडू रांगणेकर आणि महाराष्ट्राच्या संघातून खेळलेले कमल भांडारकर यांनीही होळकरांचा झेंडा खांद्यावर घेतला.

परिणाम लगेच दिसू लागला. १९४४-४५ साली होळकर संघ प्रथमच अंतिम सामन्यात आला. त्या वर्षी आणखी एक पाहुणा संघात होता. महायुद्धाच्या निमित्ताने महू येथील छावणीत असलेला इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्पटन होळकरांतर्फे खेळत होता. मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,०७८ धावा केल्या. होळकरांपुढे विजयासाठी ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते. कॉम्पटन २४९ धावा काढून नाबाद राहिला, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके झळकविली, सी. एस. नायडूंनी सामन्यात १५२ षटके आणि वर पाच चेंडू टाकले. तरीही मुंबईने ३७४ धावांनी सामना जिंकला. सारे रत्नहार एका गळ्यात घातले तरी विजय हमखास मिळत नाही, हा पहिला धडा होळकरांस तेथेच मिळाला.

दुसऱ्याच मोसमात धड्याचे फळ हाती आले. इंदुरास म्हैसूरविरुद्ध होळकरांनी आठ गडी बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात भांडारकर, सरवटे, माधवसिंह जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी शतके काढली. बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशी गाठलेल्या सी. के. यांनी द्विशतक ठोकले आणि करंडक इंदुरास आला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सहा शतकवीर म्हणजे एका ताऱ्याचा प्रकाश नव्हे. एखादा कॉम्पटन एका मोसमासाठी येतो आणि जातो. परंतु इंदुरास घर करून राहिलेले, रोज एकत्र सराव करणारे दहा जण जेव्हा एकमेकांचा खेळ ओळखू लागतात, तेव्हा जमाव नाहीसा होतो आणि संघ जन्मास येतो.

खेळाडूच्या स्थलांतराची दुसरी बाजूही आहे. एकाचे घर भरते तेव्हा दुसऱ्याचे रिते होते. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्या संघातील विजय हजारे यांनी १९३९-४० साली पुणे येथे बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. पुढे बडोदे दरबाराने त्यांस आपल्याकडे नेले आणि १९४२-४३ साली बडोद्याने करंडक जिंकला. महाराष्ट्रास मात्र १९४०-४१ नंतर तो पुन्हा लाभलेला नाही. याचे सारे खापर एका खेळाडूच्या जाण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि, कणा निघाला म्हणजे शरीर किती वर्षे वाकून चालते, हे त्यावरून उमगते. होळकरांसही बडोद्याच्या या संपत्तीचा प्रसाद मिळाला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा काढून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली आणि होळकरांचा एक डाव व ४०९ धावांनी पराभव झाला. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. तेव्हा दोन संस्थानांच्या त्या झुंजीत गाव विरुद्ध गाव असा सामना फारसा नव्हता. दरबार विरुद्ध दरबार असा होता.

१९४८-४९ चा मोसम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्यास काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. या फलंदाजास एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. योगायोग असा की अकरा वर्षांत होळकर संघ अंतिम सामन्यास मुकला तो याच एका मोसमात.

परदेशात हाच खेळ आता उघड बाजाराच्या रूपाने चालतो. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये बोस्टनचा संघ २००६-०७ साली केवळ २४ सामने जिंकू शकला. त्या उन्हाळ्यात त्याने आपले अनेक तरुण खेळाडू देऊन केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांस आणले. पुढच्या मोसमात ६६ सामने आणि अजिंक्यपद त्याच्या पदरी पडले. उलट, २०१० साली मायामीने लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश यांस ड्वेन वेडच्या जोडीला बसविले, तेव्हा पहिल्या वर्षी अंतिम फेरीत डल्लासच्या संघाने त्यांस हरविले; यश आले ते त्यापुढील दोन वर्षी. बास्केटबॉलात एका वेळी पाचच जण मैदानात असतात, म्हणून दोन माणसे बदलली की संघाचे रूप पालटते. क्रिकेटात अकरा असतात आणि सामना दिवसेंदिवस चालतो. तेथे बदल मुरावयास अधिक काळ लागतो. परंतु मर्म एकच. आलेल्या माणसाचे मोल त्याच्या एकट्याच्या अंगच्या गुणांवर जितके, तितकेच तो कोणती उणीव भरून काढतो यावर अवलंबून असते.

१९४८ साली संस्थाने विलीन होऊन मध्यभारत राज्य स्थापन झाले. दरबाराची थैली आटली, तरी जमलेला संघ काही वर्षे तग धरून राहिला. मग वय झालेले खेळाडू एकेक करून दूर झाले. खुद्द सी. के. १९५३-५४ साली नव्याने स्पर्धेत आलेल्या आंध्रच्या संघाचे कर्णधार झाले आणि पुढे साठी उलटल्यावर उत्तर प्रदेशाकडून खेळले. १९५४-५५ साली इंदुरास मद्रासकडून अंतिम सामना गमावल्यावर होळकर हे नाव स्पर्धेतून पुसले गेले. त्याच्या जागी आधी मध्यभारत आणि मग मध्य प्रदेश आला. या प्रदेशास पुन्हा अंतिम सामना दिसावयास १९९८-९९ साल उजाडावे लागले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. आजच्या देवास जिल्ह्यातील कन्नोद-खातेगावचा मुलूख होळकरांच्या राज्यात होता. लोहारद्यासारख्या त्याच जिल्ह्यातील गावच्या मुलास त्या वैभवाचा वाटा किती मिळाला? राजाने खेळाडू जमविले, इंदुराने टाळ्या वाजविल्या. पण खेड्यातील मैदान, गावचा शिक्षक आणि चामड्याचा चेंडू यांची तजवीज करणारी व्यवस्था त्या वैभवाबरोबर उभी राहिली नाही. विकत घेतलेले यश थैलीबरोबर जाते, हा आक्षेप म्हणूनच खोटा म्हणता येत नाही.

परंतु तो संपूर्ण सत्यही नाही. बाहेरून आलेली माणसे इंदुरास राहिली आणि ज्ञान मागे ठेवून गेली. सी. के. यांनी १९६७ साली इंदुरासच देह ठेवला. सरवटे पुढे राष्ट्रीय निवड समितीत बसले. माधवसिंह जगदाळे यांचे पुत्र संजय जगदाळे यांनी पुढच्या पिढीस शिकविले. त्यांच्या हाताखाली गोरखपूरहून आलेला नरेंद्र हिरवाणी घडला आणि १९८८ साली मद्रासच्या पदार्पणाच्या कसोटीत त्याने वेस्ट इंडिजचे सोळा गडी टिपले.

आणि या कथेची अखेरची गाठ मुंबईच्या एका मराठी माणसाने बांधली. चंद्रकांत पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९८-९९ चा अंतिम सामना बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाकडून हरलेल्या संघाचे ते कर्णधार होते. पुढे ते शिक्षक झाले. त्यांनी शिकविलेल्या विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर पहिला रणजी करंडक जिंकला. त्या संघात मुंबईचा वसीम जाफर पाहुणा होता, तर अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी विदर्भाचाच. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या त्याच मैदानावर पंडितांच्या मध्य प्रदेशाने मुंबईस सहा गड्यांनी हरविले. या वेळी बाहेरून आला होता तो मुख्यतः गुरू. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार ही शतके काढणारी मुले येथलीच होती.

सी. के. नायडूंच्या येण्यापासून या विजयापर्यंत नव्याण्णव वर्षे लोटली. पाहुण्याने घर सजविले तर ते एका सणापुरते सजते. त्याने घरच्या मुलांस शिकविले तर घर उभे राहते. पावसाळ्यात संघाची जुळवाजुळव करणाऱ्यांनी नव्या खेळाडूच्या धावा मोजाव्यात हे योग्यच आहे. त्याबरोबर तो कोणास काही शिकवील काय, हेही विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर लोहारद्याच्या मुलासही एखाद्या दिवशी इंदूरच्या मैदानाचा रस्ता सापडेल.