मंडूकनामें व त्यांचा स्थळनिर्देश

मृगाच्या पावसाबरोबर पंचगंगेच्या कांठचीं शेतें व रंकाळ्याचा परिसर बेडकांच्या आवाजानें भरून जातो. अशा क्षुद्र प्राण्याच्या नांवांचा इतिहास तो काय, असें वाचकांस वाटेल. परंतु तीं नांवें तपासतांना पोथ्यांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती येथें मांडतों.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त मंडूकांचें आहे. त्यांत बेडकांचे भेद स्वरावरून व रंगावरून केले आहेत: एक गाईप्रमाणें ओरडणारा, एक बकऱ्याप्रमाणें, एक ठिपकेदार, एक हिरवा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत कृष्ण, सार, कुहक, हरित, रक्त, यववर्णाभ, भृकुटी व कोटिक असे आठ प्रकार सांगितले असून शेवटच्या दोहोंचें विष अधिक उग्र मानिलें आहे. अमरकोशांत भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव व दर्दुर हीं सहा नांवें येतात. पण हे एकाच प्राण्याचे पर्याय होत. वैद्यकांतील आठ व कोशांतील सहा मिळवून चौदा जाती मानणें चुकीचें होईल. तसेंच केवळ रंगावरून आजची जाति ठरविणेंही धाडसाचें आहे. आपल्या शेतांतील मोठ्या बेडकाचा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो, व पुढें तो रंग ओसरतो.

या मोठ्या बेडकास दोदँ नांवाच्या फ्रेंच पंडितानें १८०२ सालीं ‘राना टायगेरिना’ असें नांव दिलें. आज शास्त्रज्ञ त्यास ‘होप्लोबॅट्राकस टायगेरिनस’ म्हणतात. जुन्या छापील ग्रंथांत पहिलेंच नांव आढळेल. तीं दोन नांवें एकाच प्राण्याचीं हें वाचकानें लक्षांत ठेवावें.

नांव बदललें तरी स्थळ सुटतां कामा नये. कोयनेच्या परिसरांतील एक लहान भेक सोमण यांनीं १९६३ सालीं वर्णिला. त्याचा आप्त असा दुसरा भेक आजरा-चंदगडच्या शेजारीं घाटमाथ्यावर आंबोलीस मिळाला. त्याचें वर्णन २००९ सालीं प्रसिद्ध झालें, व दोघांसाठीं ‘झँथोफ्राइन’ हा नवा गण निर्माण करण्यांत आला. दोघांचेंही वसतिस्थान फार थोडें असल्यानें गांवाचा निर्देश हाच त्यांचा मुख्य पुरावा होय.

स्थळाचें महत्त्व अंदमानांत अधिकच स्पष्ट होतें. पंचगंगेच्या कांठीं जो मोठा बेडूक मूळचाच रहिवासी, तोच माणसाच्या हातून त्या बेटांत पोहोंचून आक्रमक ठरला आहे. त्याचीं पिल्लें पाण्यांत असतांनाच मांसाहारी असतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांच्याबरोबर ठेविलेल्या स्थानिक बेडकांच्या पिल्लांपैकीं एकही वांचलें नाहीं. जाति तीच, नांव तेंच. एके ठिकाणीं शेताचा सोबती, दुसरीकडे तेथील जीवांवर संकट.

स्थळावांचून प्राण्याचें नांव म्हणजे शक व तिथि गळालेलें पत्र होय. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, एखाद्या वैद्यकाच्या बाडांत, कोशांत किंवा पावसाच्या टिपणांत बेडकाचें नांव आढळल्यास तें आजच्या नांवाशीं जुळविण्याकरितां दुरुस्त करूं नये. आहे तसेंच उतरून घ्यावें, व पोथी कोणत्या गांवची, कोणत्या काळची, हें शेजारीं नमूद करावें. त्या प्रदेशांत पूर्वीं कोण होतें व मागाहून कोण आलें, हें ठरविण्यास अशी एखादी ओळही साक्षीस उभी राहील.